देवाची मर्जी की आपली हयगय?

सकाळी कामावर गेलेला माणूस विजेचा धक्का बसून जागच्या जागी गेला, अशी बातमी गावात येते तेव्हा अंत्यविधीला जमलेल्यांच्या तोंडी बहुधा एकच वाक्य असते : "देवाची मर्जी, दुसरे काय!" मृताची आई ते उच्चारते, शेजारीपाजारी उच्चारतात आणि ज्याच्या गाळ्यात तो कामाला होता तो मालकही मान खाली घालून तेच उच्चारतो. शब्द तेच, परंतु वेगवेगळ्या मुखांतून निघताना त्यांचा अर्थ एकच राहतो काय? हा प्रश्न आम्ही या लेखात वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांवरून पाहता अलीकडच्या काळात आपल्या देशात वर्षाला १० हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने प्राणास मुकतात. त्यांत शेतावर, घरात, रस्त्यावर मरणारे आहेत आणि पोटासाठी दुसऱ्याच्या जागेत काम करताना मरणारेही आहेत. आमच्या वसईपुरते बोलायचे तर पश्चिमेला वाडीतल्या विहिरीवरचे रहाट जाऊन विजेचे पंप आले आणि पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूंना लहानमोठ्या कारखान्यांचे गाळे उभे राहिले. आपल्या समाजातील काहीजण त्या गाळ्यांत फिटर, टर्नर, वायरमन म्हणून राबले. काहींनी पुढे स्वतःचे गाळे काढले, काहींनी ते भाड्याने दिले. आज त्यांतून काम करणारी मुले पुष्कळदा दूरच्या प्रांतांतून आलेली असतात. म्हणजे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना आपण उभे आहोत.

प्रथम त्या आईच्या शब्दांकडे पाहू. ईयोबाने सर्वस्व गमावल्यावर, देणारा परमेश्वर आणि नेणाराही परमेश्वरच, अशा भावनेने त्याच्या नावाचा गौरव केला. ते उद्गार थोर ठरले, कारण जे गेले होते ते त्याचे स्वतःचे होते. मुलगा गमावलेली आई देवाच्या इच्छेपुढे मस्तक नमवते, तेव्हा ती श्रद्धेच्या एका दुर्गम शिखरावर उभी असते. तेथे तिला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु ज्याच्या हाती तो मृत्यू टाळणे होते, त्याने तेच शब्द उच्चारले तर? ईयोबाचे गुरेढोरे लुटून नेणाऱ्या शबाई लोकांनी त्याच्या दारात येऊन, "देवाने दिले, देवाने नेले" असे म्हटले असते, तर आपल्याला ते कसे वाटले असते? सोसणाऱ्याच्या मुखी जी प्रार्थना आहे, तीच जबाबदार माणसाच्या मुखी पळवाट होते. देवाचे नाव व्यर्थ घेण्याविरुद्धची आज्ञा केवळ खोट्या शपथांपुरती आहे असे आम्हांला वाटत नाही. आपल्या हयगयीवर देवाचे नाव पांघरणे हाही त्या आज्ञेचा भंगच होय.

तथापि कोणावर दोष ठेवण्याआधी वस्तुस्थिती नीट समजून घेणे हा न्याय आहे. वीज माणसाला मारते ती कशी?

आपल्या घरात व गाळ्यात येणारी वीज २३० व्होल्टची असते. पण प्राण घेण्याचे काम होते ते शरीरातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे. हा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजतात. सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह अंगातून गेला तर मुंग्या आल्यासारखे वाटते. १० च्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडावी म्हटले तरी सुटत नाही. "विजेने धरून ठेवले" असे आपण म्हणतो ते हेच. ३० च्या वर गेल्यास श्वास व हृदय धोक्यात येतात आणि ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून एखाददोन सेकंद वाहिला, तरी हृदयाचे ठोके विस्कटून ते नुसते थरथरत राहू शकते. त्याच क्षणापासून रक्ताभिसरण थांबते. ६० वॅटचा साधा पिवळा दिवा पेटण्यासाठी सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे देव्हाऱ्यापुढचा दिवा पेटवणारी वीज माणसाचा दिवा मालवण्यास पुरून उरते.

कोरडी कातडी या प्रवाहाला बराच अडथळा करते. घामाने निथळलेली किंवा पावसाने भिजलेली कातडी तो अडथळा सोडून देते. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली अनवाणी उभा राहून ग्राइंडर चालवणारा मुलगा आणि आषाढात ओल्या मातीत उभा राहून पंपाचे बटण दाबणारा गडी, हे दोघे म्हणूनच विजेला सर्वांत सोपे सावज असतात.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. "आमच्याकडे फ्यूज आहे, मग भीती कसली?" असे पुष्कळजण विचारतात. फ्यूज, अथवा आजकाल त्याच्या जागी बसवतात तो एमसीबी, वायर तापून जळू नये म्हणून असतो. ५ अँपिअरचा फ्यूज ५ हजार मिलिअँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो. त्याच्या कितीतरी अलीकडे, शंभराच्या आसपासच, माणूस संपलेला असतो. फ्यूजला त्याची वार्ताही नसते. तो मालमत्तेचा राखणदार आहे. माणसाचे राखणदार वेगळे. एक म्हणजे अर्थिंगची हिरवी वायर, जी यंत्राच्या लोखंडी अंगात उतरलेली वीज सरळ जमिनीत नेते आणि त्या ओघाच्या जोरानेच फ्यूज उडवते. दुसरा म्हणजे ज्याला आपले वायरमन ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात तो लहानसा स्विच. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा तो सतत हिशेब ठेवतो. ३० मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे तेवढी वीज कोणाच्या तरी अंगातून जमिनीत चालली असे धरून सेकंदाच्या लहानशा अंशात तो पुरवठा तोडतो.

माणूस किती प्रवाहापर्यंत हात सोडवून घेऊ शकतो याचे मोजमाप अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी केले. त्यासाठी निरोगी माणसे स्वखुशीने पुढे आली आणि त्यांनी आपल्या हातांतून वीज वाहू दिली. १९६१ साली डॅलझील यांनी असाच प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच तयार केला. दक्षिण आफ्रिकेतही सोन्याच्या खाणींतील मजुरांचे विजेने होणारे मृत्यू रोखण्यासाठी १९५० नंतरच्या दशकात असेच प्रयत्न झाले होते. कधीही न पाहिलेल्या माणसांचा जीव वाचावा म्हणून कोणीतरी वेदना पत्करली, कोणीतरी आयुष्य वेचले. ते ज्ञान आज बाजारात दुकानाच्या फळीवर विकत मिळते. मग आपल्या गाळ्यात मालमत्तेचा राखणदार हटकून असतो आणि माणसाचा मात्र अनेकदा नसतो, याचा अर्थ काय लावायचा? आपण काय जपतो, हे आपले बोर्ड सांगत आहेत.

निर्गम ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाविषयी एक नियम आहे. एखाद्याच्या बैलाने माणसाला हुंदडून ठार केले तर बैलाला मारावे, धनी निर्दोष. परंतु तो बैल आधीपासूनच मारका असेल, धन्याला तसे सांगण्यात आले असेल आणि तरीही त्याने बैलाला बांधून ठेवले नसेल, तर त्या मृत्यूचा दोष धन्यावर येतो. सगळा फरक एका गोष्टीत आहे : त्याला ठाऊक होते काय?

आपल्या गाळ्यांतही मारके बैल असतात. "ते ड्रिल जरा करंट मारते, चप्पल घालून धर." "त्या वेल्डिंग मशीनच्या बॉडीला हात लावू नको, झिणझिणते." ही वाक्ये कामगारांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. नवीन मुलाला पहिला झटका बसतो तेव्हा बाकीचे हसतात आणि तो मुलगाही हसण्यावारी नेतो, कारण घाबरला असे दिसणे त्याला परवडत नाही. ते झिणझिणणे म्हणजे बैलाने पहिल्यांदा शिंग उगारले आहे. यंत्राच्या आतली वायर सोलली गेली आहे आणि अर्थिंग तुटलेले आहे, अशी ती स्पष्ट वर्दी आहे. तिसरी पिन कापून टाकलेला टॉप, टॉप नसल्यामुळे सॉकेटमध्ये खुपसून काडीने दाबलेली वायरीची टोके, चिकटपट्टी गुंडाळलेले आणि पाण्यातून ओढत नेलेले जोड, हे सगळे ज्याच्या डोळ्यांसमोर रोज असते, त्याला "मला ठाऊक नव्हते" असे म्हणता येणार नाही. उलट अर्थिंग नसलेले यंत्र एरवी अगदी ठाकठीक चालते, काम अडत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. कोरड्या हातांना मुंग्या आणणारे तेच ड्रिल पावसाळ्यातल्या पहिल्या ओल्या दिवशी प्राण घेते.

हा विचार केवळ जुन्या करारापुरता राहिलेला नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नकळत घडलेल्या मनुष्यवधाचा विचार करताना असे प्रतिपादन केले, की जी काळजी घ्यायला हवी होती ती न घेतल्यामुळे मृत्यू घडला, तर हेतू नव्हता एवढ्यावरून माणूस दोषमुक्त होत नाही. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली प्रसृत केलेल्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथातही पाचव्या आज्ञेच्या विवेचनात, गंभीर कारणाशिवाय दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे निषिद्ध मानले आहे. त्याआधी १९८१ साली श्रमाविषयी लिहिलेल्या आपल्या पत्रात त्यांनी, ज्या जागी व ज्या पद्धतीने काम करावे लागते त्यांमुळे कामगाराच्या देहाला अपाय होऊ नये, हा त्याचा हक्कच असल्याचे सांगितले. हक्क म्हटला की तो उपकार उरत नाही. मालक देईल तेव्हा देईल अशी ती देणगी नव्हे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. ते खोटे नाहीत म्हणूनच त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की चूक त्या कामगाराचीच होती. त्याने मेन स्विच बंद न करता हात घातला. सांगितले होते, ऐकले नाही. असे घडतेही. परंतु अनुवाद ग्रंथाच्या २२ व्या अध्यायातील कठड्याचा नियम येथे आठवावा. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असे तो सांगतो. गच्चीवर येणारा सावध असावा अशी अट त्या नियमात नाही. मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, अंधारात चाचपडणाऱ्यासाठी आणि क्षणभर भान हरपलेल्यासाठीच तर कठडा असतो. बारा तास काम करून थकलेला माणूस विसरणार, हे ज्याला ठाऊक आहे त्याने त्या विसराळूपणाची सोय आधीच केली पाहिजे. विसरणे हा मनुष्यस्वभाव आहे. मृत्यू ही त्याची शिक्षा असू नये.

मोठ्या कारखान्यांतून यासाठी एक साधी रीत पाळतात. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी फिटर मेन स्विच बंद करतो, त्याला स्वतःचे कुलूप लावतो, आपल्या नावाची पाटी अडकवतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. मग वीज खरोखर गेली आहे याची खात्री करून घेतो आणि त्यानंतरच कामाला लागतो. चौघे काम करत असतील तर चार कुलपे लागतात. शेवटचे निघेपर्यंत वीज येत नाही. आखाती देशांतील तेल कंपन्यांत काम केलेल्या आपल्या बांधवांना ही रीत चांगली परिचित आहे. "मी स्विच बंद केलाय, लक्ष ठेव रे," असे सांगून दुसऱ्याच्या आठवणीवर आपला जीव टांगणे आणि किल्ली खिशात असणे यांत किती अंतर आहे, ते त्यांनीच आपल्या गावातल्या मुलांना सांगावे. यात सहकाऱ्यावर अविश्वास नाही. चांगल्या मित्राच्या हातूनही चुकून आपला घात होऊ नये, एवढीच त्याच्याविषयीची काळजी त्यात आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. लहान गाळ्याचा मालक अनेकदा स्वतःच कामगार असतो. बँकेचे हप्ते, भाडे, उशिरा मिळणारी बिले यांत तो पिचलेला असतो आणि तोही त्याच यंत्रांवर हात चालवतो. त्याला सावकाराच्या रांगेत उभा करणे अन्यायाचे होईल. तरीही आम्ही नम्रपणे विचारू : फ्यूजसाठी पैसे होते ना? कारण वायर जळाली तर नुकसान दिसते. हिरव्या वायरीसाठी, तिसऱ्या पिनेसाठी, त्या लहानशा स्विचसाठी लागणारी रक्कम एखाद्या बारशाच्या किंवा साखरपुड्याच्या मांडवाच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी असते. खर्च न परवडण्याच्या कारणाखाली किती वेळा, तो करावासाच न वाटल्याचे कारण लपलेले असते, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे.

तिसरा आक्षेप कायद्याचा. "सरकारने आम्हांला कधी विचारले नाही." भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांच्या सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी कारखान्याच्या धन्यावर स्पष्ट शब्दांत टाकली गेली. पण विजेवर चालणाऱ्या, दहापेक्षा कमी माणसांच्या गाळ्याला तो कायदा सहसा लागू होत नसे. २०२० च्या नव्या संहितेने तर कारखाना म्हणवण्यासाठी ही संख्या २० वर नेली. चार माणसांच्या गाळ्यात इन्स्पेक्टर पोहोचत नाही. मात्र तो पोहोचत नाही म्हणून पाचवी आज्ञाही तेथे पोहोचत नाही, असे समजण्याचे कारण नाही. किंबहुना जेथे कायद्याचा हात तोकडा पडतो तेथेच सदसद्विवेकबुद्धीची खरी परीक्षा असते.

मालकाविषयी इतके बोलल्यावर आपण बाकीच्यांनी सुस्कारा सोडू नये. घर रंगवायला लोखंडी शिडी घेऊन आलेला रंगारी तारेखालून ती उभी करतो, तेव्हा त्या दिवसापुरते आपण त्याचे मालक असतो. टाकीतली मोटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला मेन स्विच कोठे आहे हे दाखवायचे काम आपलेच असते. चर्चच्या सणाला रोषणाई करणारा मुलगा भिंतीवर चढून उघडे जोड देत असतो आणि खाली आपण नोव्हेनाला जमलेलो असतो. ती रोषणाई देवाच्या गौरवासाठी असेल, तर तिच्यासाठी राबणाऱ्याचा जीव हा त्या गौरवाचाच भाग नव्हे काय? धर्मग्रामाने कंत्राट देताना दराबरोबर जोड झाकलेले असतील, अर्थिंग असेल, गळती ओळखणारा स्विच असेल, एवढे लेखी मागितले तर तीही एक उपासनाच ठरेल.

कामगारांवरही एक कर्तव्य येते. झिणझिणणारे यंत्र हसण्यावारी नेणे हे आपल्यानंतर त्याला हात लावणाऱ्यावर अन्याय करणे आहे. बोललो तर काम जाईल अशी भीती असते, विशेषतः परप्रांतातून आलेल्या आणि गाळ्यातच झोपणाऱ्या मुलाला. म्हणून ज्याला बोलणे परवडते त्याने बोलावे. जुन्या, अनुभवी कारागिराचा शब्द मालक ऐकतो. कोणाला धक्का बसलाच, तर त्याला तसाच हात लावून ओढू नये, नाहीतर वाचवणाराही त्याच्याबरोबर जातो. आधी मेन स्विच बंद करावा. मग श्वास व नाडी थांबली असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीवर जोराने व लयीत दाब देत राहावे, कारण मिनिटागणिक आशा कमी होत जाते. ही विद्या एका दुपारी शिकता येते. आपल्या युवक मंडळांनी एखाद्या रविवारी मिस्सानंतर ती शिकवली, तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावरचे ते उत्तम प्रवचन होईल.

लूकच्या शुभवर्तमानात १३ व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे चिरडल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभू येशूने स्वतःच उभा केला आणि त्याला ठाम नकार दिला. मेलेल्यांच्या पापांचा शोध त्याने तेथेच थांबवला. पुढे तो वळला तो जिवंत उभ्या असलेल्या श्रोत्यांकडे, आणि त्यांना पश्चात्तापाची हाक दिली. कामावर मेलेल्या प्रत्येक माणसाच्या शवपेटीपाशी हाच क्रम राखला जावा असे आम्हांला वाटते. देवाने हे का होऊ दिले, या गूढाचे उत्तर या जन्मी मिळेलच असे नाही. ते ड्रिल कोणाला ठाऊक होते, हा प्रश्न मात्र गूढ नाही. त्याचे उत्तर गाळ्यातल्या सर्वांजवळ असते.

प्रत्येक मिस्साच्या आरंभी आपण विचारांनी, शब्दांनी व कृतींनी केलेल्या पापांबरोबर, करायचे राहून गेलेल्या चांगल्या गोष्टींचीही कबुली देतो. ते शब्द ओठांवरून सहज निसटून जातात, कारण न केलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पण न बसवलेली हिरवी वायर, कापलेली तिसरी पिन, न ऐकलेली तक्रार या सगळ्या त्याच यादीतल्या आहेत. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामगार संत योसेफचा सण म्हणून ठरवून दिला. वर्षातून त्या एका दिवशी आपण आपापल्या घरी, वाडीत, गाळ्यात, शाळेत आणि चर्चच्या आवारात एखादा जाणता वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. गळतीचा स्विच असेल तर त्यावरचे 'टी' अक्षराचे बटण दाबून तो पडतो की नाही ते पाहावे आणि नसेल तर त्याच आठवड्यात बसवावा. नाझरेथच्या सुताराला याहून वेगळा नैवेद्य हवा असेल असे आम्हांला वाटत नाही.